आठ कुंभकर्ण

झोपेविषयी आपल्याकडे कोणी फारसे चांगले बोलत नाही. विद्यार्थ्याची लक्षणे सांगणाऱ्या जुन्या सुभाषितकाराने त्याच्या वाट्याला श्वाननिद्रा दिली. घरातली वडील माणसे पहाटे उठण्याची महती सांगतात, आणि वर्गात शेवटच्या बाकावर कोणाची मान कलंडली की आम्हा शिक्षकांचा हात खडूकडे जातो. या साऱ्या निंदेचा मोठा वाटा बिचाऱ्या कुंभकर्णाच्या पदरी पडला आहे. सहा महिने झोपावे आणि एक दिवस जागे व्हावे, असा त्याचा नेम. कीर्तनकार त्याच्या घोरण्याचे वर्णन करू लागले की श्रोते पोट धरून हसतात, आणि मीही पुष्कळ वर्षे त्यांच्याबरोबर हसत आलो. परंतु आमच्या विज्ञान मंडळातील मुलामुलींबरोबर एक लहानसे काम करीत असता या राक्षसाविषयी माझ्या मनात आदर उत्पन्न झाला. तो का झाला हे सांगण्यासाठी मला वाचकांना प्रथम उसाच्या फडात न्यावे लागेल.

बेळगावच्या उत्तरेस, मार्कंडेय नदीच्या बाजूला, आमच्या आप्पांचा मळा आहे. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते, वय बहात्तर. दोन एकर ऊस, एक विहीर आणि विहिरीशेजारी खोप. मोटरीसाठी लागणारी थ्री फेज वीज त्यांच्या भागात पाळीपाळीने येते, आणि ती पाळी पुष्कळ वेळा रात्रीची असते. वीज आली की आपोआप मोटर सुरू करणारे स्टार्टर आता जागोजागी बसले आहेत. तेव्हा केवळ मोटर चालू करण्यासाठी उठावे लागते असे नाही. खरी जागरणाची गोष्ट पुढे आहे, ती म्हणजे दारे धरणे. शहरातल्या मुलांसाठी सांगतो. पाटाचे पाणी एका वेळी सात-आठ सऱ्यांना लावायचे. ते सरीच्या शेवटाला पोचले की ते दार बांधायचे आणि पुढच्या सऱ्यांचे मोडायचे. दार पाटाजवळ, म्हणजे खोपीपासून हाकेच्या अंतरावर. परंतु पाणी पोचले की नाही हे कळायचे दुसऱ्या टोकाला, शंभर मीटर आत. एका गटाला तासदीड तास लागतो. म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत चार-पाच गट, आणि प्रत्येक गटासाठी दोन-दोन, तीन-तीन फेऱ्या. त्या दोन फडांच्या मधल्या अरुंद बांधावरून, दोन्ही बाजूंनी पुरुषभर उंच ऊस, खाली ओले गवत, आणि हातात एक बॅटरी.

दोन पावसाळ्यांमागे शेजारच्या मळ्यातल्या एका गड्याला अशाच एका फेरीत घोणस चावली. लस वेळेवर मिळाली म्हणून तो वाचला. पण त्याचा पाय पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. तेव्हापासून रात्रीची पाळी असली की आमच्या काकू डोळा लावीत नसत. आप्पांच्या बॅटरीचा उजेड उसाच्या टोकाकडून परत येताना दिसेपर्यंत त्या खिडकीशी बसून राहत. आप्पा म्हणत, "चाळीस वर्सं हिंडतोय, मला काय व्हतंय!" या युक्तिवादाला उत्तर देणे कठीण आहे. काकूही ते देत नसत, फक्त जागत.

ही हकिकत मी एकदा वर्गात विषयाच्या ओघात सांगितली, तेव्हा नववीतल्या एका मुलीने सरळ प्रश्न केला, "सर, पाणी शेवटाला पोचले की तिथूनच काहीतरी हाक मारील, असे करता येणार नाही का?"

आजच्या काळात तसे करता येणे अवघड राहिलेले नाही. मायक्रोकंट्रोलर नावाची जी चिप आहे, तिला बोटाएवढा संगणक म्हणता येईल. तिच्यात थोडी स्मृती, थोडी गणनशक्ती, आणि बाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी काही पाय असतात. २००५ साली इटलीतील इव्रेआ या गावी आर्दुइनो नावाचा उपक्रम सुरू झाला आणि ही चिप हौशी लोकांच्या व शाळकरी मुलांच्या हाती आली. आमच्या प्रयोगशाळेतही अशा चार-पाच पाट्या आहेत. सरीच्या शेवटाला जमिनीत दोन पोलादी सळ्या रोवायच्या. पाणी आले की त्यांच्यामधून वीज सहज वाहू लागते. चिपने ते ओळखायचे आणि लहानशा रेडिओवरून खोपीत निरोप धाडायचा. पंधरा दिवसांत हे सारे टेबलावर काम करू लागले. तसराळ्यात पाणी ओतले की खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात घंटा वाजे, आणि मुले टाळ्या पिटीत.

ते पाहायला आप्पा एकदा शाळेत आले. त्यांनी सर्व नीट न्याहाळले, घंटा दोनदा वाजवून घेतली, आणि मग मला विचारले, "मास्तर, ह्येला खायाला काय घालनार?"

बैल पाळणाऱ्या माणसाचा हा प्रश्न होता आणि तो अगदी बरोबर होता. टेबलावर भिंतीतून वीज येते. सरीच्या शेवटाला भिंत नसते. तेथे सेलच घालावे लागणार. आणि सेल संपले तर ते बदलायला त्याच उसात, त्याच बांधावरून जावे लागणार. ऊस जानेवारीत लावला तर तुटेपर्यंत बारा-तेरा महिने जातात. आप्पांना एक फेरी चुकवून देण्यासाठी आम्ही त्यांच्या मागे दुसरी लावणार असू, तर त्यापेक्षा बॅटरी बरी. म्हणून आम्ही फळ्यावर एकच अट लिहिली : लावणीच्या दिवशी घातलेले सेल तोडणीच्या दिवसापर्यंत पुरले पाहिजेत.

आता हिशोब. घड्याळात घालतो तसले दोन अल्कलाइन सेल एकापुढे एक जोडले की सुमारे तीन व्होल्ट मिळतात आणि, हात राखून धरले तरी, २००० मिलिअँपिअर-तास एवढा साठा मिळतो. म्हणजे २००० मिलिअँपिअर प्रवाह एक तास, किंवा एक मिलिअँपिअर २००० तास. तेरा महिने म्हणजे जवळजवळ साडेनऊ हजार तास. भागाकार केला तर सरासरी २१० मायक्रोअँपिअर, म्हणजे एका मिलिअँपिअरचा साधारण पाचवा हिस्सा, एवढाच रोजचा शिधा आमच्या पदरी पडतो. आणि प्रयोगशाळेतली ती निळी पाटी, काही काम न करता नुसती बसली तरी, सुमारे ५० मिलिअँपिअर ओढते. दोन दिवसही निघायचे नाहीत. विज्ञान प्रदर्शनात नऊ व्होल्टांची चौकोनी बॅटरी लावून मुले प्रयोग मांडतात, आणि दुपारी परीक्षक टेबलापाशी येतात तेव्हा नेमका दिवा मंद झालेला असतो, हे अनेकांनी पाहिले असेल. त्या बॅटरीत जेमतेम ५०० मिलिअँपिअर-तास असतात. शिवाय नवाचे पाच व्होल्ट करताना वरचे चार व्होल्ट नुसते उष्णता होऊन जातात. दहा तासांत खेळ आटोपतो. परीक्षकांच्या पायगुणाचा त्यात काही संबंध नसतो.

तेव्हा चिपला कमी खायला शिकवणे भाग होते. येथे वर्गात दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, तिला सावकाश काम करायला लावा. घड्याळाची गती कमी केली की प्रवाहही कमी होतो. हे खरे आहे, परंतु अर्धे खरे. गती निम्मी केली तर प्रवाह साधारण निम्मा होतो आणि कामाला वेळ दुप्पट लागतो. एकूण खर्च जवळजवळ तेवढाच. उलट गतीशी संबंध नसलेला जो ठरीव खर्च असतो तो अधिक वेळ चालू राहतो. रखडत स्वयंपाक केल्याने सरपण वाचत नाही. दुसरा पक्ष म्हणे, काम झटकन उरकून तिला झोपू द्या. हाच पक्ष अखेर विजयी झाला.

कारण या चिपची झोप विलक्षण आहे. ती गाढ झोपली म्हणजे तिची गणना थांबते, घड्याळ थांबते, आणि फक्त पहारेकऱ्यासारखा एक लहान भाग आठ सेकंदांनी तिला हलवीत राहतो. या अवस्थेत तिला चार-पाच मायक्रोअँपिअर पुरतात. आम्ही तिला असे शिकवले : आठ वेळा हलवले की एकदा खरोखर जागी हो, सळ्यांना क्षणभर वीज देऊन पाहा, पाणी नसेल तर पुन्हा झोप. म्हणजे ६४ सेकंद झोप आणि सेकंदाचा पन्नासावा भाग जागरण. प्रमाण काढले तर एका हिश्शाला ३२०० हिस्से. कुंभकर्णाचे प्रमाण एकास सुमारे १८० पडते. ज्याला आम्ही आळसाचा पुतळा मानीत होतो, तो या हिशोबाने फारच कष्टाळू ठरला! जागेपणीचा खर्च सरासरीत अर्धा मायक्रोअँपिअरही भरत नाही. पाणी आल्यावर निरोप धाडताना रेडिओ सुमारे ३० मिलिअँपिअर ओढतो खरा, परंतु सेकंदाच्या दहाव्या भागापुरताच.

सळ्यांना सतत वीज ठेवून, पाणी येताच चिपने दचकून उठावे, अशीही एक सूचना होती. ती आम्ही सोडून दिली. ओली माती पाणी येण्यापूर्वीही थोडी वीज वाहूच देते, तेव्हा गळती रात्रंदिवस चालू राहणार. आणि दहावीच्या पुस्तकात विद्युत्‌विश्लेषण वाचलेल्यांना ठाऊक आहे की अशा वेळी एक सळी हळूहळू खाल्ली जाते. वायफायचा विचारही फार टिकला नाही. ओल्या पानांत त्या लहरी शोषल्या जातात, आणि त्या जातीची चिप नुसते कान देऊन बसली तरी ७०-८० मिलिअँपिअर मागते. म्हणून आम्ही ८६५ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा, आपल्या देशात परवान्याशिवाय वापरता येणारा पट्टा निवडला. त्याच्या लहरी पाल्यातून अधिक चांगल्या जातात.

कागदावर सगळे जमले. मात्र पहिले यंत्र झोपवून प्रवाह मोजला तर तो निघाला दोन मिलिअँपिअरच्या वर. चिप खरोखर झोपली होती. जागे होते ते तिचे आप्तेष्ट. वीज आहे हे दाखवण्यासाठी पाटीवर एक तांबडा दिवा होता. पाहायला कोणी नसलेल्या उसात तो तेरा महिने जळत राहणार होता. सेलची स्थिती मोजण्यासाठी जोडलेले दोन रोधक अष्टौप्रहर १५० मायक्रोअँपिअर पीत होते. सेल किती उरले हे मोजण्यातच सेल संपत होते! चिपच्या आतले मोजमापाचे खाते झोपण्यापूर्वी बंद केले नाही तर तेही चालू राहते. आणि कशालाही न जोडलेले मोकळे पाय हवेतल्या विजेने डोलत राहतात व थोडे थोडे गळतात. मुलांनी एकेकाला पकडले. दिवा सोल्डरिंग आयर्नने उपटला. रोधक काढून टाकले, कारण चिपच्या पोटात १.१ व्होल्टचे एक स्थिर माप असतेच. त्याच्याशी ताडून ती आपल्या सेलचा दाब स्वतः सांगू शकते. व्होल्ट नियंत्रित करणारा भागही काढला. त्यासाठी मात्र चिपची गती कमी करावी लागली, खर्च वाचवायला नव्हे, तर मंद गतीने ती १.८ व्होल्टपर्यंत खाली आलेल्या सेलवरही चालते म्हणून. सावकाश चालणाऱ्या पक्षाचे थोडे समाधान झाले.

मोजण्याची रीत सांगण्याजोगी आहे. इतका सूक्ष्म प्रवाह आमच्या साध्या मीटरवर नीट मोजता येत नव्हता. मीटरच्या स्वतःच्या रोधामुळे चिप जागी होताना दाब पडे आणि ती गोंधळून पहिल्यापासून सुरू होई. म्हणून आम्ही १००० मायक्रोफॅरडचा एक धारित्र तीन व्होल्टपर्यंत भरून यंत्राला जोडला, सेल काढले, आणि मनगटी घड्याळ धरून बसलो. तीनाचे अडीच व्होल्ट व्हायला सत्तर सेकंद लागले. धारिता गुणिले दाबातील घट, भागिले वेळ : उत्तर सुमारे सात मायक्रोअँपिअर. धारित्र एकटा असताना किती गळतो ते आधीच पाहून ठेवले होते. पुस्तकातले सूत्र असे उपयोगी पडलेले पाहून काही मुलांना जो विस्मय वाटला तो मला घंटेवरच्या टाळ्यांपेक्षा मोलाचा वाटला. शिधा २१० चा आणि खर्च सातांचा! या हिशोबाने सेल बत्तीस वर्षे चालायला हवेत. अर्थात ते चालणार नाहीत. सेल नुसता फडताळात ठेवला तरी काही वर्षांनी आपल्या आपण म्हातारा होतो.

या शिलकीतून आम्ही एकच चैन केली. दर सहा तासांनी प्रत्येक यंत्र "मी आहे" असा निरोप आणि आपल्या सेलचा दाब कळवी. हे आवश्यक होते. घंटा वाजत नाही याचा अर्थ पाणी पोचले नाही असा, की यंत्रच मेले असा, हे आप्पांना कळणार कसे?

खोपीतल्या यंत्राची गोष्ट अगदी निराळी. हाक मारणाऱ्याला झोपता येते. ऐकणाऱ्याला येत नाही, कारण हाक केव्हा येईल हे त्याला ठाऊक नसते. त्याचा रेडिओ अखंड कान देऊन बसतो आणि सगळे मिळून पंधरा मिलिअँपिअर घेतो. खोपीत साधी वीज आहे, पण ती जाते. म्हणून एका मुलाने घरून पॉवर बँक आणली. ती अर्ध्या मिनिटात बंद पडे. फोन भरणाऱ्या त्या पेटीला एवढा लहान घोट म्हणजे कोणी पीतच नाही असे वाटते, आणि ती दार लावून घेते. अधिक खाणाऱ्याचा सत्कार आणि थोडके मागणाऱ्याला नकार, हा प्रकार यंत्रांतही आहे तर! शेवटी २५०० मिलिअँपिअर-तासांचा एक लिथियम सेल, त्याच्या भरणीच्या व रक्षणाच्या मंडलासह, मी स्वतः बसवला. वीज गेली तरी तो सहा-सात दिवस पुरतो. हा सेल ४.२ व्होल्टच्या वर भरला तर पेट घेऊ शकतो, म्हणून ते काम मुलांकडे दिले नाही.

२०२४ च्या जानेवारीत लावणीबरोबर आठ गटांच्या शेवटांना आठ नळ्या उभ्या राहिल्या. मुले त्यांना खुंट्या म्हणत. मी मनातल्या मनात कुंभकर्ण म्हणे. ऊस गुडघाभर होता तोवर परीक्षा नव्हती. मेमध्ये तो डोक्याच्या वर गेला आणि रात्रीची पाळी आली, त्या रात्री मी मुद्दाम मळ्यावर राहिलो. दीडच्या सुमारास घंटा वाजली. आप्पांनी बॅटरी उचलली आणि ते बांधावरून शेवटापर्यंत जाऊन आले. पाणी पोचले होते. दुसऱ्या घंटेलाही ते गेले, तिसऱ्यालाही गेले. मी काही बोललो नाही. चाळीस वर्षे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने एका नळीच्या शब्दावर दार मोडावे, अशी अपेक्षा पहिल्या रात्री करणे बरे नव्हे. चौथी घंटा पहाटे वाजली, तेव्हा ते पाटापर्यंतच गेले, दार बांधले, पुढचे मोडले आणि परत येऊन घोंगडीवर बसले. काकू म्हणाल्या, "मी बॅटरी बघत होते, ती गेलीच न्हाई." एवढेच म्हणून त्या आत गेल्या.

ऑगस्टात पाचवी खुंटी गप्प झाली. पाऊस जोराचा होता, ऊस दाट. तिच्याकडे जाणे शक्य नव्हते. पावसाळ्यात पाणी द्यावे लागत नाही, म्हणून तेव्हा अडले नाही. नंतर हिवाळ्यात त्या एका गटासाठी आप्पा पूर्वीसारखे चालत जात, आणि त्या तासापुरत्या काकू पूर्वीसारख्या जागत. "मी आहे" हा निरोप आला नाही हे निदान त्यांना ठाऊक होते.

२०२५ च्या फेब्रुवारीत टोळी आली आणि फड मोकळा झाला. पाचवीच्या झाकणातून पाणी शिरले होते. सेलच्या तोंडावर पांढरी भुकटी आणि तांब्यावर हिरवा गंज. बाकीच्या सातांतले चौदा सेल मुलांनी एकेक करून मोजले. प्रत्येक दीड व्होल्टच्या वर होता. आप्पांनी त्यांतले तीन आपल्या बॅटरीत घातले, एक काकूंनी भिंतीवरच्या घड्याळासाठी मागून घेतला, आणि उरलेल्या दहांवर पाच खुंट्या खोडव्यात पुन्हा उभ्या राहिल्या. बाकीच्या तिघींसाठी विज्ञान मंडळाला नवे सहा सेल विकत घ्यावे लागले.